खडा, कोंदण आणि दिलेला शब्द

तुळशीचे लग्न लागले, वृंदावनाशी बांधलेले ऊस उतरले, खोवलेल्या आवळ्या-चिंचांच्या फांद्या सुकल्या, की गोमंतकात लग्नसराईला तोंड फुटते. कुलदेवतेसमोर कौल घेतला जातो, उजवी पाकळी पडते, आणि दोन्ही घरांतील वडीलधारी माणसे साखरपुड्याचा दिवस धरतात. पूर्वी हा समारंभ घरच्या ओटीवरच उरकत असे. एक नारळ, साखरेचा पुडा, मुलीच्या ओटीचे तांदूळ, एखादे लुगडे आणि चार प्रतिष्ठितांच्या साक्षीने उच्चारलेला शब्द, एवढ्यावर दोन घरे जोडली जात. सांप्रत त्या यादीत एक वस्तू नव्याने आली आहे आणि येताच तिने पाटावरची मानाची जागा पटकावली आहे. ती म्हणजे अंगठी. साखरपुडा ठरला असे सांगताच 'अंगठी कसली घालणार?' हा पुढचा प्रश्न येतो, आणि 'सोन्याची' हे उत्तर आता पुरेसे मानले जात नाही. खडा कोणता, केवढा, कोणत्या घडणीचा, हे विचारल्याशिवाय विचारणाऱ्याचे समाधान होत नाही.

गेल्या हंगामात अंत्रुज महालातील एका घरी घडलेली हकीकत आमच्या कानांवर आली. मुलीचे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक, मुलगी परिचारिका. सोयरीक जुळली, देण्याघेण्याची गोष्ट कोणी काढली नाही, आणि सारे सुरळीत चालले असता वरपक्षाकडून सहज बोलता बोलता एक वाक्य आले : 'आमच्याकडे सगळ्या सुनांना हिऱ्याचीच अंगठी घातलेली आहे, मुलालाही त्याच तोलाची असली म्हणजे चारचौघांत शोभते.' ही मागणी नव्हती, आणि मागणी नव्हती असेही म्हणता येत नाही. त्या रात्री शिक्षकांनी कुळागरातला आपला हिस्सा गहाण टाकण्याचा हिशेब मांडावयास घेतला. एवढ्याशा खड्याचे ओझे किती असू शकते, हे ज्याने असा हिशेब मांडला आहे त्यालाच ठाऊक. या हकीकतीचा शेवट आम्ही शेवटीच सांगू. आधी प्रश्नाचा विचार करू. कारण तो एका घराचा राहिलेला नाही.

पहिली गोष्ट अशी की, आपल्या विधीत अंगठीला हे स्थान नाही. साखरपुड्याचे शास्त्रीय नाव वाङ्निश्चय. वाणीने केलेला निश्चय, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ. गणपतिपूजन, वधूचा सत्कार, नारळ, फळे आणि वस्त्र यांनी तो पुरा होतो. बोटात घालावयाचे काही धर्मकार्यात असेल, तर ते दर्भाचे पवित्रक. संकल्पाला बसणारा राजा असो वा कुळवाडी असो, अनामिकेत गवताच्या दोन काड्यांची मुदी चढविल्यावाचून त्याचा हात कर्माला योग्य ठरत नाही. मोलाने जिची किंमत शून्य, अशी ही अंगठी आहे. तरी तिच्याशिवाय संकल्प सुटत नाही. अंगठी म्हणजे शब्दाला बांधलेली गाठ, ही आपली मूळची कल्पना. तिचा मोलाशी संबंध नाही.

आपल्या वाङ्मयातील दोन सर्वांत प्रसिद्ध अंगठ्याही हेच सांगतात. सुंदरकांडात हनुमंत अशोकवनात सीतेला रामाची मुद्रिका देतो. तिच्यावर रामाचे नाव कोरलेले आहे, आणि त्या नावानेच सीतेची खात्री पटते. कालिदासाच्या शाकुंतलात दुष्यंताने दिलेली अंगठीही त्याच्या नावाची. शचीतीर्थात ती शकुंतलेच्या बोटातून गळते, माशाच्या पोटात जाते, आणि एक गरीब कोळी ती विकावयास नेतो तेव्हा राजाला आपला विसरलेला शब्द आठवतो. या दोन्ही अंगठ्यांत ओळख पटविली ती नावाने; त्यात कोणते रत्न होते याची आठवण आपण ठेवलेली नाही. आणि शाकुंतलाचा बोध तर याहून कठोर आहे. अंगठी शब्दाची आठवण देऊ शकते. ज्याने शब्द टाकला त्याला तो पाळावयास लावण्याचे बळ तिच्यात नसते. दुष्यंताच्या दरबारात शकुंतलेच्या बोटात अंगठी नव्हती, हे तिचे दुर्दैव खरे. परंतु आपल्या पत्नीला ओळखण्यासाठी नवऱ्याला अंगठी लागावी, हे त्याहून मोठे दुर्दैव होय.

वाङ्निश्चयाची अंगठी आपल्याकडे आली ती पाश्चात्त्यांच्या चालीवरून, हे उघड आहे. त्यात वाईट काही नाही. परंतु ज्यांच्याकडून ती घेतली त्यांच्याकडेही ती आरंभी कशी होती, हे पाहण्यासारखे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी हा रोमन ग्रंथकार लिहून ठेवतो की, त्याच्या काळीही वाग्दत्त वधूला पाठविली जाणारी अंगठी लोखंडाची असे आणि तिच्यात खडा नसे. साम्राज्याच्या राजधानीत सोन्यारत्नांचा पूर लोटलेला असताना लग्नाच्या शब्दासाठी मात्र लोखंडाचे साधे कडे! पुढे १४७७ साली ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिल्याचे सांगतात. पण ती राजघराण्यातली गोष्ट. सामान्य माणसाच्या बोटात हिरा येण्यास आणखी चारशे वर्षे जावी लागली. १८६७ साली दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले, किंबर्लीच्या खाणी उघडल्या, आणि आजवर ओंजळीने मोजले जाणारे हिरे ढिगाने निघू लागले. ढिगाने निघणारी वस्तू दुर्मिळ राहत नाही. तेव्हा ती दुर्मिळ ठेवण्यासाठी १८८८ साली डी बिअर्स कंपनी उभी राहिली आणि पुरवठ्याच्या नाड्या तिने आपल्या हाती घेतल्या.

पुरवठा हाती आला तरी मागणी राहतेच. १९३८ साली या कंपनीने अमेरिकेतील एका जाहिरात संस्थेला हाताशी धरले, आणि १९४७ साली त्या संस्थेतील फ्रान्सिस गेरेटी या लेखिकेने 'हिरा चिरंतन असतो' या अर्थाचे चार इंग्रजी शब्द लिहिले. त्या चार शब्दांनी जे केले, ते कित्येक धर्मग्रंथांनाही साधलेले नाही. किती महिन्यांचा पगार अंगठीवर खर्च करावा, याचे प्रमाणसुद्धा पुढे जाहिरातींनीच ठरवून दिले. जपानचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. तेथे लग्न ठरताना हिऱ्याची अंगठी देण्याची रीतच नव्हती. १९६७ साली तेथे जाहिरातींची मोहीम सुरू झाली तेव्हा शंभरांतील पाच वाग्दत्त वधूंच्याही हाती हिरा नव्हता. १९८१ पर्यंत तो सुमारे साठ जणींच्या हाती आला होता. अवघ्या चौदा वर्षांत एका प्राचीन समाजाची 'परंपरा' तयार झाली! आज आपल्या घरांत 'अंगठी हिऱ्याचीच हवी, ती रीतच आहे' असे जेव्हा कोणी ठासून सांगतो, तेव्हा त्या रीतीचे वय त्याला विचारावे. पुष्कळदा ती रीत सांगणाऱ्याहूनही वयाने लहान निघेल.

गोमंतकीयांनी हिऱ्याला परका मात्र समजू नये. अठराव्या शतकात ब्राझीलच्या खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे पुरविणारा प्रमुख देश भारतच होता, आणि कृष्णाकाठच्या कोल्लूरसारख्या खाणींतून निघालेले कितीतरी हिरे गोव्याच्या बाजारातून लिस्बनला जात. खाणींचे तपशीलवार वर्णन करणारा तावेर्निये हा फ्रेंच रत्नव्यापारी सतराव्या शतकात गोव्यात येऊन गेला. त्याच्याही आधी, १५६३ साली, गार्सिया द ओर्ता या वैद्याचा वनस्पती आणि औषधांवरील संवादरूप ग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यात एक संवाद हिऱ्यावर आहे. बोकडाच्या रक्ताने हिरा मऊ होतो, हिऱ्याची पूड हे जालीम विष आहे, असे समज त्या काळी विद्वानही बाळगीत. ओर्ताने ते अनुभवाच्या आधारे खोडून काढले. हिरकणी खाऊन प्राण दिल्याच्या गोष्टी आपण आजही ऐकतो. त्यांना साडेचारशे वर्षांपूर्वी याच भूमीत उत्तर मिळाले होते. खड्याकडे भाविकपणे न पाहता डोळसपणे पाहण्याचा हा वारसा गोमंतकाचाच आहे. तोच आज खडा निवडताना उपयोगी पडावा.

हिरा घेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. ज्याला झेपतो आणि जिला आवडतो, त्यांनी तो अवश्य घ्यावा; मात्र काय घेत आहोत ते समजून घ्यावे. हिऱ्याचे मोल वजन, रंग, निर्मळपणा आणि पैलू या चार गोष्टींवर ठरते. वजनाचा कॅरट म्हणजे एका ग्रॅमचा पाचवा हिस्सा, आणि त्याचे शंभर सेंट. वजनाबरोबर भाव सारख्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून वेगाने चढतो. म्हणून नव्वद सेंटचा खडा पूर्ण कॅरटाच्या खड्याहून बराच स्वस्त पडतो आणि बोटात घातल्यावर दोहोंतला फरक ओळखू येत नाही. रंगाची प्रतवारी डी या इंग्रजी अक्षरापासून झेडपर्यंत असते. पांढऱ्या धातूत बसविण्यासाठी वरच्या रंगाचा आग्रह एकवेळ समजू शकतो. परंतु आपल्या पिवळ्याधमक सोन्याच्या कोंदणात किंचित पिवळसर झाकही लोपून जाते, तेव्हा तिथे वरच्या रंगासाठी जादा पैसे मोजणे व्यर्थ होय. निर्मळपणाचेही तसेच. भिंगाखाली दिसणारा आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारा डाग सासूबाईंना दिसणार नाही. खरे महत्त्व पैलूंना आहे. खड्यातली झळाळी कारागिराच्या हातातून येते. पैलू चुकले, तर मोठा खडाही काचेसारखा निस्तेज दिसतो.

प्रयोगशाळेत घडविलेला हिरा हा आता प्रत्येक दुकानात निघणारा विषय झाला आहे. १९५४ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत प्रचंड दाब आणि उष्णता देऊन हिरे तयार करण्यात आले. आता वायूतून कार्बनचा थरावर थर चढवूनही ते वाढविले जातात, आणि आपल्या सुरतेत त्यांचा मोठा उद्योग उभा राहिला आहे. हे हिरे खोटे नव्हेत. तोच कार्बन, तीच घडण, तेच काठिण्य. यंत्रावाचून जवाहिऱ्यालाही फरक सांगता येत नाही. किंमत मात्र खाणीतल्या हिऱ्याच्या एका लहानशा अंशाएवढी, आणि तीही उत्पादन वाढेल तसतशी खाली आलेली आहे. ज्याला डोळ्यांना दिसणारी झळाळी हवी आणि कर्ज नको, त्याच्यासाठी हा मार्ग प्रामाणिक आहे. अट एवढीच की, विकणाऱ्याने तो काय आहे हे बिलावर लिहून द्यावे आणि घेणाऱ्याने ते आपल्या माणसांपासून लपवू नये. ज्या अंगठीचा आरंभ लपवाछपवीने होतो, ती कोणत्याही खड्याची असली तरी खोटीच. आणि हिरा कोणताही असो, तो गुंतवणूक म्हणून घेऊ नये. सोने मोडताना सोन्याचा भाव येतो. हिरा परत करावयास गेलेल्या माणसाच्या हाती किती येते, हे ज्याने परत केला त्याला विचारावे.

हिऱ्याखेरीज अन्य रत्नांचा विचार करावयाचा, तर आधी ज्या हातात अंगठी राहावयाची त्या हाताचा विचार करावा. १८१२ साली फ्रीडरिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने खनिजांच्या काठिण्याची एक ते दहा अशी श्रेणी लावली. तीत हिरा दहावा. माणिक आणि नीलम नववे. ही दोन्ही रत्ने कुरुंद नावाच्या एकाच खनिजाची रूपे आहेत. पाचू साडेसात ते आठ. आपल्या घरातल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि त्यांचे काठिण्य सुमारे सात. त्याहून मऊ खडा रोजच्या वापरात ओरखडे पडून मंद होणारच. मोती आणि पोवळे हे आम्हा किनारपट्टीच्या लोकांना जवळचे, परंतु त्यांचे काठिण्य तीन-चारच्या आसपास. शिवाय दोन्हींचा गाभा चुन्याचा. घाम, अत्तर, लिंबू, आमसूल यांचे त्यांच्याशी वैर आहे. सोलकढी करणाऱ्या हातात मोत्याची अंगठी फार काळ मोत्याची दिसत नाही. ती सणासुदीला घालावी आणि मऊ फडक्याने पुसून ठेवावी. पाचूत बहुधा बारीक भेगा असतात आणि त्या तेलाने भरून खडा उजळ केलेला असतो. गरम पाण्याने तो धुतला की तेल जाते आणि भेगा डोळे वटारतात. माणिक घेताना तर विशेष सावध राहावे. हलक्या प्रतीच्या माणकातील भेगा काचेने भरून विकण्याचा प्रकार सर्रास चालतो. अशा खड्याची काच लिंबाच्या रसानेही झिजते. केवळ तापवून रंग खुलविलेले माणिक ही निराळी आणि व्यापारात सर्वमान्य गोष्ट आहे. दुकानदाराला या दोहोंतला फरक स्पष्ट विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

हिरा सर्वांत कठीण, म्हणून तो फुटत नाही, हाही एक भ्रम आहे. ओरखडा न पडणे आणि न फुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिऱ्याला विशिष्ट दिशांनी सांधे असतात. नेमका त्या दिशेने घाव बसला तर तो दुभंगतो. कारागीर शतकानुशतके तसाच तो फोडीत आले आहेत. माणसांच्या नात्यांचेही असेच असते, हे वेगळे सांगावयास नको.

आता राशी आणि ग्रह यांच्याकडे वळू. रवीला माणिक, चंद्राला मोती, मंगळाला पोवळे, बुधाला पाचू, गुरूला पुष्कराज, शुक्राला हिरा, शनीला नीलम, राहूला गोमेद आणि केतूला लसण्या, ही नवरत्नांची वाटणी आपल्या घरांत सर्वांना पाठ असते. ज्याची श्रद्धा असेल त्याने ती जपावी. तिची टवाळी करणे हे आमचे काम नव्हे. परंतु वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही रत्नांची परीक्षा आहे, आणि तिचा मोठा भाग रंग, दोष, वजन आणि मोल यांच्यासाठी आहे, हे श्रद्धावंतांनीही ध्यानी घ्यावे. पुष्कळदा असे घडते की, मुलीला नीलमाची गडद निळाई मोहविते आणि घरातले कोणीतरी शनीच्या नावाने हात वर करते. त्यांच्यासाठी एक सर्वज्ञात उदाहरण देतो. १९८१ साली इंग्लंडच्या युवराजाने डायनाला वाङ्निश्चयाला नीलमाची अंगठी दिली. तो विवाह १९९६ साली घटस्फोटाने संपला. तीच अंगठी २०१० साली तिच्या थोरल्या मुलाने आपल्या वाग्दत्त वधूच्या बोटात घातली आणि तो संसार सुरू आहे. खडा एकच, नशिबे दोन. संसार मोडला त्याचे खापर नीलमाच्या माथी फोडावयाचे, तर टिकला त्याचे श्रेयही त्यालाच द्यावे लागेल. शहाणा माणूस दोन्ही करणार नाही.

खडा ठरला की घडणीचा प्रश्न येतो, आणि आमच्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. चित्रपटांत आणि जाहिरातींत दिसते ती अंगठी सोन्याच्या चार-सहा बारीक नख्यांनी खडा उंच धरणारी असते. १८८६ साली न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीने ही सहा नख्यांची घडण पुढे आणली. खाली मोकळी जागा राहिल्याने खड्यात उजेड खेळतो, हा तिचा गुण. परंतु ती घडण ज्या हातांसाठी निघाली, त्यांच्यामागे कणीक मळण्याचे काम नव्हते. आमच्याकडच्या बायका पीठ मळतात, नारळ खवतात, मासळी चिरतात. शिवाय नोकरीही करतात. नख्यांत पीठ साचते, लुगड्याचा धागा अडकतो, एक नखी वाकते, आणि एके दिवशी खडा न्हाणीच्या मोरीतून वाहून जातो. त्यापेक्षा आपले जुने कोंदण शतपट व्यवहारी. चहूबाजूंनी सोन्याची कड खड्याला घट्ट मिठी मारून बसते. झळाळी थोडी कमी, निर्धास्तपणा कितीतरी अधिक. रोज अंगठी घालणाऱ्या हाताला हीच घडण उत्तम. सभोवार खडे जडविलेले कडे दिसावयास मोहक, पण बोट जाड झाले तर ते वाढविता येत नाही. आणि बोट बदलतेच. दमट उन्हाळ्यात, बाळंतपणात, वयाबरोबर ते फुगते. म्हणून माप सकाळच्या गारव्यात न देता दुपारनंतर द्यावे, आणि पुढे वाढविता येईल अशीच घडण निवडावी.

धातूविषयीही दोन शब्द. बावीस कॅरटाचे सोने रंगाने देखणे, खाऱ्या हवेत न काळवंडणारे, पण मऊ. त्याच्या नख्या लवकर वाकतात. खडा जडवायचा तर अठरा कॅरट अधिक विश्वासाचे. साध्या, बिनखड्याच्या मुदीला बावीस उत्तम. पांढऱ्या सोन्यावर बहुधा ऱ्होडियमचा मुलामा असतो आणि तो काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, हे विकत घेताना कोणी सांगत नाही. दागिन्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक अशा तीन खुणा पाहाव्यात. बावीस कॅरटाला ९१६, अठराला ७५० आणि चौदाला ५८५ हे आकडे. १ एप्रिल २०२३ पासून या सहा अक्षरी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि तो क्रमांक ब्युरोच्या बीआयएस केअर या मोबाईल ॲपवर घरबसल्या ताडून पाहता येतो. दोन ग्रॅमहून हलक्या दागिन्यांना या सक्तीतून सूट आहे. नाजूक अंगठी घेणाऱ्याने म्हणून अधिक विचारपूस करावी. बिलावर निव्वळ सोन्याचे वजन, खड्याचे वजन आणि घडणावळ ही तिन्ही वेगवेगळी लिहून घ्यावीत. खड्यासकट अंगठी सोन्याच्या भावाने तोलून दिली, तर खडाही आपण सोन्याच्या दराने विकत घेतला असे होते. २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याच्या भावाने लाखाचा आकडा ओलांडला, हे लक्षात घेता ही चूक कोणालाही परवडणारी नाही.

येथवर सांगितले ते व्यवहाराचे. आता ज्यासाठी हा प्रपंच केला ते सांगतो. अंगठी ही आवडीने द्यावयाची वस्तू आहे. जेव्हा ती 'तोलाची' मागितली जाते, मुलाच्या अंगठीचे वजन मुलीच्या बापाच्या ऐपतीवर ठरते, आणि खडा पाहुण्यांत हातोहात फिरवून त्याची किंमत विचारली जाते, तेव्हा तिचे नाव अंगठी राहत नाही. हुंड्याला आमच्या समाजात तोंड वर करून कोणी हुंडा म्हणत नाही. तो हौस, मान, रीत, शोभा अशी गोड नावे घेऊन दारात येतो. अंगठी हे त्याचे अगदी अलीकडचे आणि सर्वांत चकचकीत नाव. ती नको म्हणण्याचा धीर मुलीच्या बापाला होत नाही. तो वरपक्षानेच, आणि विशेषतः मुलाने, दाखविला पाहिजे. स्वतःच्या कमाईने जमेल तेवढी अंगठी मुलीला घालावी, आणि स्वतःसाठी मुलीच्या घरून काही मागू नये. यात पुरुषार्थ आहे.

गोव्याच्या कायद्याने या बाबतीत एक मार्मिक भेद केलेला आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता येथे विवाहसंबंधांना आजही लागू आहे, आणि वेगळा करार केला नसेल तर तिच्यानुसार पतिपत्नींची मालमत्ता समाईक होते. परंतु या समाईकीतून काही वस्तू वगळलेल्या आहेत, आणि त्यांत वराने विवाहापूर्वी वधूला दिलेले वाङ्निश्चयाचे दागिने आहेत. घर दोघांचे, जमीन दोघांची, कर्जेही पुष्कळदा दोघांची. पण शब्दाबरोबर दिलेली अंगठी तिची एकटीची. दीडशे वर्षांपूर्वीच्या परकीय विधिज्ञांना जे उमगले, ते आपण विसरू नये. जी वस्तू तिची एकटीची होणार, ती निवडण्याचा पहिला अधिकारही तिचाच असला पाहिजे. प्रत्यक्षात मात्र आत्या, मावशी, वरमाई आणि विहीणबाई निवडतात. जिने ती जन्मभर वागवायची, तिला फक्त बोट पुढे करावयास सांगतात.

अंत्रुज महालातल्या त्या मुलीने बोट पुढे करण्याआधी तोंड उघडले. वडिलांच्या हिशेबाचा कागद तिच्या हाती लागला होता. ती नियोजित वरालाच घेऊन घरच्या शेटांच्या दुकानात गेली आणि म्हणाली, 'शेट, मी दिवसातून तीस वेळा हात धुते आणि तितक्याच वेळा हातमोजे चढवते-काढते. त्यात टिकेल ते दाखवा.' शेट हसून म्हणाले, 'बाय, आजवर सगळ्यांनी अंगठी कशी दिसेल ते विचारले. कशी टिकेल ते तूच विचारलेस.' त्यांनी बावीस कॅरटाच्या दोन साध्या, गुळगुळीत मुद्या काढल्या. बिनखड्याच्या, आतल्या बाजूला एकमेकांची नावे आणि तारीख कोरावयाची. मुलाने दोन्हींचे पैसे स्वतः दिले. सणासमारंभासाठी मुलीने आजीची जुनी माणकाची मुदी पुढे केली. शेटांनी खडा भिंगाखाली पाहून अस्सल असल्याची खात्री केली आणि झिजलेल्या नख्या काढून त्याला नवे कोंदण दिले. कुळागराचा कागद चुलीत गेला. वरमाईंचे पुरते समाधान झाले असे नाही. साखरपुड्याच्या दिवशी दोन-तीन वेळा त्यांचा हात सुनेच्या बोटाकडे गेला आणि मागे आला, असे ऐकतो. पण मुलगा आईला एवढेच म्हणाला, 'आई, नाव माझेच आहे आत.'

रत्ने शोधणाऱ्यांनी खुशाल शोधावीत. पारखून घ्यावीत, हौसेने मिरवावीत. परंतु अंगठीत पाहावयाचे ते आधी हे, की आतल्या बाजूला कोणाचे नाव आहे आणि ते नाव धारण करणारा माणूस आपल्या शब्दाला जागणारा आहे की नाही. ती पारख ज्याला साधली त्याची मुदी दर्भाची असली तरी चालेल. ज्याला साधली नाही, त्याच्या हातातला कोहिनूरही शोभेपुरताच.